नवी बॅटरी घेण्याआधी : जुन्या गाडीच्या चार्जिंगविषयी आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’ होतं. शेजारच्यांना बोलावून धक्का मारला की गाडी सुरू होते, आणि गाडीमालक थेट आमच्याकडे येऊन सांगतात, “दादा, बॅटरी बदलून टाका.” बॅटरी विकणं हा आमचा धंदाच आहे, तरी आमची विनंती आहे की आधी मोजून घ्या. बॅटरी म्हणजे माठ, नळ नव्हे. माठ सकाळी रिकामा दिसला तर तो फुटला असेल, रात्री गळला असेल, किंवा त्यात वरून पाणीच पडलं नसेल. शेवटच्या दोन कारणांसाठी नवा माठ आणून काय उपयोग?

हे पत्रक मारुती 800, ॲम्बेसेडर, पद्मिनी, जुन्या जीप आणि त्या पिढीतल्या 12 व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग किती करायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे खालचे आकडे त्यांना लावू नका.

साधा मल्टीमीटर घ्या आणि डीसी 20 वर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण निम्मी, आणि 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता गाडी सुरू करून रेस थोडी वाढवा. आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान यायला हवा. मे महिन्यात भर दुपारी इंजिन तापलेलं असताना 13.6 दिसलं तरी घाबरू नका, रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) तापला की व्होल्टेज थोडं उतरतंच. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा. रेस दिल्यावरही आकडा 13 च्या खाली घसरत राहिला, तर माठ भरतच नाहीये. उलट 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. अशा गाडीत बल्ब सारखे उडतात, बॅटरीतलं पाणी पटापट कमी होतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला की गाडी बंद करा, बॅटरीजवळ काडी ओढू नका.

बॅटरी भरण्यासाठी इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र म्हणजे अल्टरनेटर. जुन्या ॲम्बेसेडरमध्ये त्याऐवजी आधीच्या काळातला खराखुरा डायनामो आणि कटआउट (डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) असेल, तर सिग्नलवर उभं असताना चार्जिंगचा दिवा लुकलुकणारच. इंजिनच्या कमी फेऱ्यांवर डायनामो चार्ज करत नाही, तो त्याचा स्वभाव आहे.

चार्जिंग कमी दिसलं की पहिला हात अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यावर जाऊ द्या, अर्थात इंजिन बंद करून. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण 10 मिलिमीटर दबला पाहिजे. बाजू चकचकीत झाल्या असतील किंवा पट्टा पुलीच्या तळाला टेकत असेल, तर तो झिजलाय. ताणून उपयोग नाही, बदला. बहुतेक जुन्या गाड्यांत हाच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणून वर्धा रोडला चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटाही चढू लागला, तर घर कितीही जवळ असलं तरी तिथेच थांबा. नागपूरच्या उन्हात त्या दोन किलोमीटरपायी हेड गॅसकेट (इंजिनच्या हेडखालचं सील) जातं.

त्या लाल दिव्याकडे आणखी एका कारणासाठी बघा. चावी फिरवली, गाडी अजून सुरू केली नाही, तेव्हा तो लागायलाच हवा. अनेक जुन्या गाड्यांत त्याच बल्बमधून अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) सुरुवातीचा करंट जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर धडधाकट असूनही उठत नाही. छोट्याशा बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदललेली गाडी आम्ही पाहिली आहे, आणि वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त फसवते ती अर्थिंग, म्हणजे इंजिन-बॉडीतून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी जोडणी. काटोलकडून संत्री घेऊन कळमन्याला येणाऱ्या एका जीपमध्ये 14 महिन्यांत दोन नव्या बॅटऱ्या बसल्या होत्या. तिसरीसाठी मालक आमच्याकडे आले. अल्टरनेटरवर मोजलं तर 14.2, बॅटरीवर 12.9. मधले 1.3 व्होल्ट गेले कुठे? इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी आतून हिरवी होऊन कुजली होती. पट्टी बदलली, बोल्टखालचा रंग खरवडला, तीच बॅटरी पुन्हा चार्ज करून बसवली. घरी तपासायचं असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा. गाडी चालू, हेडलाइट चालू. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष तिथेच. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची तार गरम लागते का, तेही बघा. चांगली वाट मिळाली नाही की करंट त्या तारेतून परत जातो.

चार्जिंग बरोबर आणि तरी सकाळी बॅटरी उतरलेली, तर रात्री काहीतरी गळतंय. डिकीचा दिवा, नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम, किंवा अल्टरनेटरची डायोड प्लेट (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). दोन-तीन तास उभ्या गाडीचा अल्टरनेटर इंजिनपेक्षा गरम लागला, तर डायोडवरच संशय घ्या.

एक गोष्ट कृपा करून करू नका. गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून “डायनामो चालतो का” हे बघायची जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी आहे. डायनामोच्या काळात ती खपून जायची. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड किंवा रेग्युलेटर जळतो.

हेडलाइटला 60 ऐवजी 100 वॅटचे बल्ब लावले असतील तर तेही सांगा. दोन बल्बांचा करंट सुमारे 10 अँपिअरवरून 16 च्या पुढे जातो. जुना अल्टरनेटर, वर एसी आणि सीताबर्डीची संथ वाहतूक, मग बॅटरीच्या वाट्याला काही उरत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी नागपुरातल्या सदरपर्यंत चक्कर मारून भरतही नाही. ती रात्रभर चार्जरवरच लावावी लागते.

उन्हाळ्यात दर 15 दिवसांनी पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. कूलरचं, आरओचं, उकळून गार केलेलं, कोणतंच चालत नाही.

आमच्याकडे येताना शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, म्हणजे सकाळी थंड अवस्थेत मोजता येते. बॅटरी कधी घेतली ते कार्ड आणि नंतर कोणतं काम कुठे झालं, तेवढं आठवून सांगा. मोजलेले आकडे आम्ही कागदावर लिहून देतो आणि बदललेला प्रत्येक जुना सुटा भाग पिशवीत घालून तुमच्या हातात देतो.