फवारणीचं ‘औषध’ आणि शरीरातली कात्री

विदर्भात कपाशीवरच्या कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. ‘औषध मारायचंय’ असंच म्हणतात. एका वावरात मी फवारणी बघत उभा होतो. पंपाचं नोझल चोंदलं, तेव्हा फवारणाऱ्याने ते काढलं, तोंडाला लावून फुंकलं, पुन्हा बसवलं आणि ओल्या हातानेच कपाळावरचा घाम पुसला.

शहरात सेंद्रिय भाजीची चर्चा खाणाऱ्याच्या ताटापाशीच संपते. ताटातला औषधाचा अंश मिलिग्रॅमच्या बारीक हिश्शांत मोजावा लागतो. फवारणाऱ्याच्या सदऱ्यात मात्र तेच द्रावण दिवसभर मुरत असतं. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात विसाच्या आसपास शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. ती शरीरात काय करतात ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मज्जातंतू स्नायूला निरोप धाडतो तो अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपात. निरोप पोचला की तो लगेच पुसला जायला हवा. ते काम अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमचं. ही कात्री इतकी चपळ, की तिचा एक रेणू सेकंदाला निरोपाचे हजारो रेणू कापतो. कापताना अ‍ॅसिटिलकोलिनचा एक तुकडा तिच्या धारेतल्या सेरीन या अमिनो आम्लाला क्षणभर चिकटतो, पाण्याचा रेणू येऊन तो सोडवतो आणि कात्री पुन्हा मोकळी होते. ऑर्गॅनोफॉस्फेटमधला फॉस्फरस नेमका त्याच सेरीनला जाऊन बसतो, आणि पाण्याला तो सहजी सुटत नाही. कात्री मिटलेलीच राहते. निरोप साचत जातात. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, छाती पाण्याने भरते, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. श्वासाचे स्नायूसुद्धा.

काही वेळाने त्या फॉस्फरसला जोडलेला एक अणुगट गळून पडतो आणि बंध कायमचा होतो. काही औषधांच्या बाबतीत हा वेळ जेमतेम काही तासांचा असतो. तोवरच प्रॅलिडॉक्सिम हे इंजेक्शन फॉस्फरसला ओढून काढू शकतं. नंतर शरीराने नवं एन्झाइम बनवायचं, आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून रोज फवारणाऱ्याच्या शरीरात नुकसान साठत जातं. आज थोड्या कात्र्या गेल्या, उद्या आणखी थोड्या. आणि एक दिवस नेहमीइतक्याच फवारणीने माणूस कोसळतो. कॅलिफोर्नियात अशी औषधं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं हे एन्झाइम १९७४ पासून नियमाने तपासतात. आपल्याकडच्या फवारणी मजुराचं रक्त हंगामात एकदा तरी का तपासू नये?

दूध पिऊन किंवा गूळ खाऊन फवारलं की बाधत नाही, ही समजूत साफ खोटी आहे. विष कातडीतून आणि श्वासातून शिरतं, पोटातलं दूध त्याला अडवणार कसं?

सेंद्रिय शेतीचा मी पुरस्कर्ता आहे, तो या फवारणाऱ्यासाठी. पण झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हेही मला मान्य नाही. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटीन स्नायूंवरच्या याच निरोपाच्या कुलपात स्वतःची किल्ली घालतं. दहा झाडांच्या पाल्यापासून फवारणीसाठी करतात त्या दशपर्णी अर्कात पडणाऱ्या कण्हेरीतलं विष हृदयावर जातं. आणि बांधावरच्या धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन आहे. डॉक्टर ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत छाती कोरडी होईपर्यंत देतात तेच हे. पण धोतऱ्याच्या बिया घरी कुणाला चारू नका. त्यात किती विष आहे याचा अंदाज लागत नाही आणि त्याच जीव घेतात.

विषबाधा झाली की अंगावरचे कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली बरोबर घ्या. तिच्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण विष किती जहाल ते सांगतो, घटकाचं नाव मात्र बारीक अक्षरात असतं. सगळीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट नसतात. कोणता उतारा चालेल, आणि मुळात उतारा आहे का, हे डॉक्टरला त्या नावावरूनच कळतं.