कंडक्टर नाही, तबला नाही, मग चौघं एकत्र राहतात कसे?

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनसारखंच, थोडं मोठं आणि खालच्या सुराचं), एक चेलो (त्याहून मोठं, बसून वाजवायचं). चारच माणसं, समोर काडी हलवून सगळ्यांना ताल दाखवणारा कंडक्टर नाही, समेवर येऊन भेटायला तबलाही नाही, तरी सगळे एकदम सुरू होतात. नीट कान दिला तर सुरू व्हायच्या आधी नाकाने ओढलेला एक श्वास ऐकू येतो, बहुतेक वेळा पहिल्या व्हायोलिनचा. तोच इशारा. रेकॉर्डिंगमध्येपण येतो बरं का.

पण श्वासाने सुरुवात जमली, पुढचं काय? तर गंमत अशी की ते अगदी तंतोतंत एकत्र वाजवतच नाहीत, कुणीतरी सेकंदाच्या काही शतांशाने पुढेमागे असतंच आणि पुढच्या सुराला तो फरक थोडा भरून काढतो. थोडाच हं! चौघांनीही पूर्ण भरून काढायचं ठरवलं तर बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात ना, तसं होईल.

2014 मध्ये ऍलन विंग या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं. दोन नावाजलेल्या क्वार्टेटकडून हायडन या संगीतकाराच्या एका क्वार्टेट रचनेच्या (ओपस 74 नंबर 1) चौथ्या भागातला छोटा तुकडा पुन्हापुन्हा वाजवून घेतला आणि कोण कुणासाठी आपली वेळ किती सरकवतं ते काढलं. सरासरीत दोन्ही गट गणिताने काढलेल्या आदर्श आकड्याच्या (म्हणजे इतकं सरकलं की पुढेमागे होणं सगळ्यात कमी) जवळच निघाले, पण एका गटात पहिली व्हायोलिनवाली इतरांसाठी कमी सरकायची आणि बाकीचे तिच्यासाठी जास्त, दुसऱ्यात मात्र सगळे सारखेच. शोधनिबंधात याला चक्क एकाधिकारशाही आणि लोकशाही म्हटलंय.

जवळजवळ बसण्याचाही फायदा आहेच. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे क्वार्टेटमध्ये उशीर नगण्य, पण मोठ्या ऑर्केस्ट्रात 15 मीटरवरचा सूर 40 च्या वर मिलिसेकंद उशिरा पोचतो, तिथे कानावर विसंबून चालत नाही, म्हणून कंडक्टर.

आणि वाजवताना ते चौघं डोलतात, ते डोलणं? मला ते नाटकी वाटायचं, खरं सांगतो. 2017 मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात दर खेपेला एकाला गुपचूप लीडर नेमून चौघांचं डोलणं मोजलं, तर लीडरच्या डोलण्याचा बाकीच्यांवर जास्त परिणाम दिसला, एकमेकांना बघता येत असेल तेव्हा तर आणखीच. शिवाय ज्या खेपेला डोलण्याची ही देवाणघेवाण जास्त, ती खेप वाजवणाऱ्यांना स्वतःलाच जास्त चांगली वाटली होती.