पोटापाण्याची पाळी आणि उरलेला रविवार

आपल्या आयुष्याचं नेमकं काम कोणतं, हे शोधून देणारी शिबिरं मुंबईत हल्ली भरतात, बहुधा रविवारी. कारण सुट्टी असते. ही सुट्टी मिळवली गिरणी कामगारांनी, आणि जगण्याचा अर्थ नोकरीत सापडेल असं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

मुंबईची पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. विजेचे दिवे यायचे होते, त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः काही काळ एका गिरणीत भांडारपाल होते; पुढे ते सोडून त्यांनी 'दीनबंधू' पत्र चालवायला घेतलं. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या आज वाचताना चमकायला होतं: रविवारी सुट्टी, जेवायला अर्धा तास, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला.

कोकणाने या गिरणी कामगाराला शब्दही मोठा नेमका दिला: चाकरमानी. चाकरी मनिऑर्डरीपुरती, मान शिमग्याला, गणपतीला गावात. मुंबईत तो गावकीच्या खोलीत राहायचा. भिंतीला ओळीने ट्रंका लावलेल्या. रात्रपाळीहून आलेला गडी पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर पथारी टाकायचा. बायको गावी, जेवण खानावळीत. पण त्याच खोलीत टाळ आणि पखवाज खुंटीला टांगलेले असायचे. गिरणीत तो बदली कामगार असेल, भजनात मात्र त्याच्यावाचून अडायचं.

या रिकाम्या वेळेला बळ दिलं ते ना. म. जोशींनी. शिक्षकी सोडून ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली: रात्रशाळा, वाचनालयं, पुढे परळचं दामोदर नाट्यगृह. डिलाईल रोडला आज त्यांचंच नाव आहे. त्याच सुमारास मंडालेच्या तुरुंगात टिळक 'गीतारहस्य' लिहीत होते (प्रकाशन १९१५), पण कर्मयोगाची ती चर्चा गिरणीतल्या साच्यापाशी, म्हणजे मागापाशी, कितपत पोचली असेल, याची मला शंका आहे.

आवडीचं तेच काम करा, हा सल्ला त्या मानाने फारच अलीकडचा. शिकल्यासवरलेल्यांना तो परवडतो.

तरी जुन्या व्यवस्थेचं कौतुकही बेताने करावं. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. बरेचसे पुन्हा कामावर गेलेच नाहीत. वेळच वेळ होता, टाळही खुंटीलाच होते. पण भजनी मंडळाची वर्गणी यायची पगारातून, आणि कित्येकांनी तोवर बिऱ्हाड आवरून गावची एसटी धरली होती.