ज्युनिअर ६० चे पंख वर का उचललेत: प्लॅनवरून बनणाऱ्या लाकडी आरसी (रेडिओवर चालणाऱ्या) विमानामागचा इतिहास

जूनपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवत नाही. तिथे सॉफ्टबोर्ड टाकलाय, त्यावर ज्युनिअर ६० नावाच्या मॉडेल विमानाचा प्लॅन, प्लॅनवर गोंद चिकटू नये म्हणून प्लास्टिकचा कागद आणि त्यावर टाचण्यांनी धरून ठेवलेल्या बालसाच्या, म्हणजे एका हलक्या लाकडाच्या, पट्ट्या. परवा भाच्याने विचारलं, "मामा, एअरपोर्टवरच्या विमानांचे पंख एवढे वर नसतात, याचेच असे का उचललेत?" मी म्हटलं, कारण हे विमान कागदावर आलं तेव्हा ते चालवणारं कोणी नव्हतं. त्याला काही ते पटलं नाही, आणि नीट सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं, म्हणून हे सगळं एकदा लिहूनच काढतोय.

सुरुवात पॅरिसपासून. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने रबराला पीळ देऊन चालणारं एक छोटं विमान तिथल्या बागेत लोकांसमोर उडवलं, साधारण ११ सेकंदात ४० मीटर गेलं. अंतर ऐकून काही वाटत नाही पण मुद्दा अंतराचा नाहीच. ते सरळ गेलं, कोणी न धरता, कारण पंखांची टोकं वर वळवलेली होती आणि शेपटीचा कोन त्याने विचार करून ठेवला होता. विमान एका बाजूला कललं की खाली गेलेला पंख आपोआप जास्त उचल घेतो आणि विमान परत सरळ होतं. यालाच आपण डायहेड्रल म्हणतो आणि माझ्या टेबलावर आत्ता जे आहे तेही तेच. (राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी जे उडणारं खेळणं आणून दिलं होतं ते पेनोच्याच हेलिकॉप्टरवरून बनवलेलं होतं, हे मला फार आवडतं.)

मुंबईत हा विषय निघाला की कोणीतरी चौपाटी आणि तळपदेंचं नाव काढतंच, १८९५ ला शिवकर बापूजी तळपदेंनी तिथे विमान उडवलं म्हणतात. त्या उड्डाणाचा त्या काळातला पक्का पुरावा नाही म्हणून ते मी इथे धरत नाहीये. एरोमॉडेलिंगमध्ये, म्हणजे छोटी विमानं बांधून उडवण्याच्या या छंदात, ज्याचं विमान उडालं त्याच्याच प्लॅनला प्लॅन म्हणायचं, एवढा साधा नियम आहे.

आता लाकूड. सुरुवातीची मॉडेल्स स्प्रूस, बांबू आणि रेशमी कापडाची असायची, मग बालसा आलं आणि बाकी सगळं मागे पडलं. बालसा मुख्यतः इक्वेडोरहून येतं, झाड इतक्या झपाट्याने वाढतं की सहा ते दहा वर्षांत तोडायला तयार होतं, आणि वजन घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो, म्हणजे पाण्याच्या फार तर पाचवा भाग. स्पॅनिशमध्ये बालसा म्हणजे तराफा. आपल्याकडे फेब्रुवारीत लालभडक फुलते ती काटेसावर आणि हे बालसा एकाच घराण्यातले, हे कळल्यापासून नॅशनल पार्कातल्या सावरीकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे बॉम्बर विमानही बर्चच्या प्लायमध्ये बालसा भरून केलेलं होतं, त्यामुळे हे लाकूड फक्त खेळण्यातलं आहे असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही.

बालसाचं एक असतं, प्रत्येक पट्टी वेगळी. एकाच गठ्ठ्यात एक पट्टी बिस्किटासारखी ठिसूळ आणि दुसरी एवढी कडक की ब्लेडच्या दोन फेऱ्या लागतात. कडक स्पारला, म्हणजे पंखाच्या कण्याला, आणि हलकी शेपटीला. शेपटीत वजन वाढलं की ते सांभाळायला नाकात त्याच्या कितीतरी पट वजन घालावं लागतं. कुठे कोणती पट्टी ते जुन्या चांगल्या प्लॅनवर लिहिलेलं असतं, नसेल तर हातात घेऊन वाकवून ठरवायचं.

आणि प्लॅन. अमेरिकेत १९२९ ला मॉडेल एअरप्लेन न्यूज सुरू झालं, ब्रिटनमध्ये १९३५ ला एरोमॉडेलर, आणि पोरांच्या हातात खऱ्या मापाचे प्लॅन पडायला लागले. खऱ्या मापाचा हे महत्त्वाचं, कारण त्यावर मोजायचं काही नाही, थेट वरच पट्टी ठेवायची, टाचणी मारायची, गोंद लावायचा. कागद हाच साचा. एवढी साधी सोय, पण त्यामुळे ज्याला ड्रॉइंग वाचता येत नाही त्यालाही विमान बांधता आलं. त्याच दशकात छोटी पेट्रोल इंजिनं आली आणि मॉडेल रबराच्या पिळातून सुटली. पण सुटली म्हणजे अक्षरशः सुटली, इंजिन लावून सोडून द्यायचं आणि मागे पळत सुटायचं, याला फ्री फ्लाइट म्हणतात.

रेडिओची कल्पना जुनी आहे, टेस्लाने १८९८ ला न्यूयॉर्कमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली होती. पण बोटीला वजनाचं काही नसतं, विमानाला असतं. १९३७ मध्ये मिशिगनच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी गफ नावाचं विमान रेडिओवर उडवलं, वॉल्टर मॉडेलवाला आणि विल्यम हॅम रेडिओवाला, म्हणजे घरातच जोडी जमलेली. ते विमान आज स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. १९३८ ला आरके ६१ नावाची छोटी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची तशी काचेची नळी) आली, मॉडेलच्या रेडिओसाठीच बनवलेली, एका व्हॉल्व्हवर अख्खा रिसिव्हर.

तरी त्या रेडिओने काय करता यायचं? एकच गोष्ट, रडर, म्हणजे शेपटीवरचं विमान वळवणारं उभं पान. आणि तोही हवा तितका नाही. एस्केपमेंट म्हणून एक यंत्र असायचं, पीळ दिलेल्या रबरावर चालणारं, बटण दाबलं की चाक एक घर पुढे, उजवीकडे, मग मध्ये, मग डावीकडे, परत मध्ये. आत्ता कुठलं घर चालू आहे ते उडवणाऱ्याने डोक्यात ठेवायचं. चुकलं तर उजवीकडे म्हणून दाबलं आणि विमान डावीकडे. अशा रेडिओवर जे विमान उडणार ते मुळात एकट्याने उडता येणारंच हवं, रेडिओ फक्त मधूनमधून सांगणार की बाबा जरा इकडे वळ. आणि नुसत्या रडरने विमान वळायला परत तेच, पंख वर उचललेले हवेत.

इथे ज्युनिअर ६० येतं. १९४६, कीलक्राफ्ट कंपनी, डिझाइन अल्बर्ट हॅटफुल यांचं, पंख ६० इंच. होतं फ्री फ्लाइटचंच, पण लोकांनी त्यात रेडिओ टाकले आणि आजपर्यंत टाकतायत. माझं स्पष्ट मत आहे की शिकणाऱ्याने पहिलं विमान याच जातीचं करावं. हात सोडले की ते स्वतःला सावरतं, त्याला दुसरं काही येतच नाही.

पुढचं भराभर सांगतो. पन्नाशीच्या दशकात रीडवाले सेट आणि शेवटी ट्रान्झिस्टर, साठच्या दशकात प्रपोर्शनल रेडिओ, म्हणजे काडी जेवढी हलवाल तेवढाच रडर हलणार, आणि तो हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो. १९५७ ला ब्रिटनमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी बॅटरीवर आरसी विमान उडवलं, पण ते रोजच्या वापरात यायला लिथियम पॉलिमर बॅटरी आणि ब्रशलेस मोटर येईपर्यंत थांबावं लागलं. जुन्या सेटमध्ये दोघांची फ्रिक्वेन्सी एक झाली की विमान खाली यायचं, म्हणून मैदानावर फ्रिक्वेन्सींचा बोर्ड असायचा आणि ज्याच्याकडे त्या फ्रिक्वेन्सीची क्लिप त्यानेच सेट चालू करायचा. २.४ गिगाहर्ट्झवरच्या नव्या सेटनी ती भीती घालवली, आपल्याकडे हा बँड २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला.

मुंबईचा धागा एनसीसीतून येतो. एअर विंग १९५० ला सुरू झाली आणि पहिल्या दोन स्क्वाड्रनपैकी एक मुंबईत, दुसरी कलकत्त्यात. एरोमॉडेलिंग तिथे प्रशिक्षणाचाच भाग आहे, वायुसैनिक कॅम्पला त्याच्या स्पर्धा होतात, आणि इथल्या कितीतरी जणांनी बालसाला पहिला हात कॅडेट असतानाच लावलाय. विमानांचं वेड तर शहराला त्याच्याही आधीपासून, जुहूचा एरोड्रोम १९२८ चा, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. पावसाळ्यात ती धावपट्टी पाण्याखाली जायची म्हणून टाटांची सर्व्हिस तेवढे महिने पुण्याहून चालायची. आमचंही वेळापत्रक तेच सांगतं, पावसात बांधायचं आणि दिवाळीनंतर उडवायचं.

बांधायलाही पाऊस त्रास देतोच. सांगाड्यावर चिकटवलेल्या पातळ टिश्यू कागदावर डोप, म्हणजे तो ताणून घट्ट करणारं लॅकर, लावतात, मी फर्निचर पॉलिशवाले वापरतात तो एनसी लॅकर थिनर घालून पातळ करून लावतो. जुलैच्या दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पांढरे डाग उमटतात. एकदा अख्खी शेपटी अशी दुधाळ झाली होती, घासून परत केली. तेव्हापासून रिब (पंखाच्या फासळ्या), स्पार, फॉर्मर (धडाच्या चौकटी) सगळं पावसात आणि डोप ऑक्टोबरात.

सामानाचं म्हणाल तर पियानो वायर नागदेवी स्ट्रीटला, कनेक्टर आणि सोल्डरिंगचं लॅमिंग्टन रोडला. प्लॅन पूर्वी फोर्टच्या फूटपाथवर जुन्या मासिकांत सापडायचे, मग आर्किटेक्ट लोक जिथे जायचे तिथे त्याचे अमोनिया प्रिंट काढायचे. आता पीडीएफ आणि प्लॉटर. यात माझी एक मोठी चूक झाली. दुकानात प्रिंट काढताना पानात बसवायचा ऑप्शन चालू राहिला आणि मी न मोजता घरी घेऊन आलो. पंख ६० ऐवजी ५८ इंचाचा आला, आणि विकत आणलेल्या तयार रिब एकही जागेवर बसेना. दुकानवाल्याने चूक मान्य केली नाही, पण मोजायचं काम माझंच होतं. प्लॅनवर कोपऱ्यात एक मापाची रेघ असते, तिला तिथेच काउंटरवर फूटपट्टी लावायची, मगच पैसे द्यायचे.

उडवायचं कुठे हा मुंबईतला खरा प्रश्न. २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये हौशी मॉडेलची वेगळी व्याख्या आहे, २५ किलोपर्यंतचं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या डिझाइनची सरकारी मंजुरी, लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही, म्हणजे दादरपासून गोरेगावपर्यंतचा पट्टा गेलाच. शिवाय पोलिसांचे मनाईहुकूम वेळोवेळी निघतात, ते बघूनच बाहेर पडायचं. म्हणून आम्ही कर्जतकडे जातो, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, भातकापणी झाली की. धसकटं बोचतात पण विमान पडलं तर मऊ पडतं.

भाच्याला शेवटी बोलून नाही, करून दाखवलं. मागच्या वर्षीचं थर्मोकोलचं छोटं ग्लायडर घेतलं, पंखाचा मधला जोड सपाट करून टेप मारली आणि हॉलमधून सोडलं, ते एका बाजूला कललं आणि तसंच कपाटात गेलं. मग दोन्ही टोकांखाली दोन-दोन पुस्तकं ठेवून पंख वर उचलला, परत टेप, परत सोडलं. कललं, सावरलं, आणि दारापर्यंत गेलं. तो काही बोलला नाही, टेबलाशी जाऊन डाव्या पंखाची शेवटची रिब टाचणीने नीट उभी करायला लागला.