एसीत काळवंडणारी मांजर

खरं सांगायचं तर जळगावच्या त्या कॅट कॅफेत मी मांजरांसाठी नाही, एसीसाठी शिरलो. मे महिना, बाहेर ४४ अंश. चपला दाराबाहेर, हात साबणाने धुवायचे, झोपलेल्या मांजराला उठवायचं नाही, असे नियम. कोल्ड कॉफी घेऊन बसतो न बसतो तोच एक सयामी जातीची मांजर आली, माझ्या पोटरीला गाल घासला आणि सरळ मांडीवर चढली. हे प्रेम आहेच, पण गालाजवळच्या ग्रंथींतला वास आपल्याला फासून ती 'हा आपल्यातला' अशी खूणही करत असते.

"भाऊ, आणली तेव्हा सायीसारखी होती ही," मालकीणबाई म्हणाल्या. "दोन वर्षांत बघा कशी झाली. आपण उन्हात काळे पडतो, ही एसीत!"

ताई गमतीत बोलल्या, पण नेमकं बोलल्या.

केसांना काळा रंग देणारं मेलॅनिन तयार करायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. सयामीत त्याच्या जनुकात एक बारीकसा बदल झालेला असतो, आणि त्यामुळे ते एन्झाइम उष्णता सोसत नाही. मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश. तेवढ्या उष्णतेत ते एन्झाइम जवळजवळ ठप्प होतं. कान, नाक, पंजे, शेपटी हे भाग जरा गार, म्हणून तिथेच ते काम करतं आणि तिथेच काळा रंग चढतो. पिल्लं तर आईच्या पोटातल्या उबेत वाढलेली, ती जवळपास पांढरीच जन्मतात. वयानुसार रंग गडद होतोच, पण गार खोलीत राहणारी सयामी आणखी गडद होते. अर्थात हे एका रात्रीत होत नाही. जुना केस गळून नवा येईल तेव्हाच रंग बदलतो.

पुरावा तिच्या पोटावरच होता. नसबंदीच्या वेळी डॉक्टरांनी केस काढले होते, तिथे चौकोनी ठिगळासारखे गडद केस उगवलेले. उघडी कातडी गार पडली, एन्झाइम जागं झालं.

केळीच्या जिल्ह्यात राहून हे ऐकलं की फ्रीजमधलं केळं आठवणारच. तेही थंडीत काळं पडतं, आणि तिथलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम टायरोसिनेजचं चुलतभावंडच, दोघांच्याही गाभ्यात तांब्याचे अणू. भरताचं वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, ती करामतही त्याचीच. पण तऱ्हा वेगळी. केळ्यात थंडीने पेशींची आवरणं फाटतात आणि एरवी वेगळे ठेवलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात. मांजरीत काही फाटत नाही, फक्त एन्झाइमला काम करण्याजोगा गारवा मिळतो.

"मग चार महिने गच्चीवर ठेवली तर परत गोरी होईल?" ताईंनी विचारलं.

नका हो. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांतून, बाकी अंग चाटून ओलं करायचं. तोंड उघडून धापा टाकायला लागली की ती संकटात आहे असं समजायचं. कोपऱ्यात फरशीवर पसरलेल्या चपट्या नाकाच्या पर्शियन बोक्याला तर आधीच श्वासाची अडचण, त्याचे हाल कुत्रं खाणार नाही. मी हे सांगत होतो तेवढ्यात वीज गेली, आणि ताई आधी इन्व्हर्टरकडे धावल्या.