चिंच देशी नाही! राणीच्या बागेत झाडं बघायला जाण्याआधी

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, लोकांना ठाऊक असते ती पेंग्विन आणि वाघांमुळे. पण १८६०च्या दशकात ती उभी राहिली वनस्पती उद्यान म्हणून. त्यामुळे तिथे आपली रानातली झाडं आणि सातासमुद्रापलीकडून आणलेली झाडं शेजारीशेजारी दिसतात. वाटाड्या नसताना त्यातली देशी झाडं ओळखायची, तर घरूनच थोडी तयारी करून निघावं.

पहिलं काम यादीचं. पाटीवर झाडाचं नाव असतं, मूळ गाव नसतं. नावही चकवतं. चिंचेचं शास्त्रीय नाव टॅमरिंडस इंडिका, पण ती मूळची आफ्रिकेची. गोरखचिंचही तिकडचीच. गुलमोहर मादागास्करचा, तर कैलासपती आणि देवळाच्या आवारातला पांढरा चाफा अमेरिका खंडातले. सोनचाफा मात्र आपला. सीता अशोक, बहावा, ताम्हण, करंज, पळस, काटेसावर अशी दहा-बारा देशी नावं वहीत लिहून घ्या. तीन तासांत तेवढीच नीट बघून होतात.

महिना चुकला तर अर्धी ओळख हुकते. काटेसावर आणि पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात, तेव्हा फांद्यांवर पानं जवळजवळ नसतात. सीता अशोकही साधारण याच सुमारास. बहावा आणि ताम्हणासाठी एप्रिलचा उत्तरार्ध ते मे. बाग सहसा बुधवारी बंद असते. उन्हाळ्यात दहाच्या आत निम्मं बघून झालेलं बरं.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, पट्टी, वही, पेन्सिल आणि पाणी हवं. पेन्सिल अशासाठी, की घामाने किंवा पावसाने शाई फुटते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पानात. बहाव्याची एक पर्णिका, म्हणजे अनेक पात्यांच्या पानातलं एक सुटं पातं, हातात घेऊन माणूस तिलाच पान समजतो आणि पुढची सगळी ओळख फसते. यावर खात्रीचा उपाय आहे. देठ जिथे फांदीला जुळतो, त्या बेचक्यात भिंगातून बघा. तिथे बारीक कळी असेल तर ते अख्खं पान. नसेल तर देठावरून मागे मागे जा, कळी सापडेपर्यंत. तिथून पुढे जे काही आहे ते सगळं मिळून एक पान. या हिशेबाने पळसाचं पान म्हणजे तीन पर्णिका, आणि सीता अशोकाच्या एका पानावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या. खोट्या अशोकाचं पान साधं, म्हणजे पर्णिका नसलेलं, कडेने लाटांसारखं. दोघांची गल्लत इथेच मिटते.

सीता अशोकाखाली पडलेलं फूल उचलून बघाच. केशरी दिसतात त्या पाकळ्या नव्हेत. या फुलाला पाकळ्याच नसतात, रंग असतो तो निदलांना, म्हणजे एरवी फुलाच्या बुडाशी हिरव्या दिसणाऱ्या दलांना. झाडावरचं काही तोडू नका, गळलेलं पुरतं.

ताम्हण आणि निलमोहर दोन्ही जांभळे. ताम्हणाला सहा चुरगळलेल्या पाकळ्या आणि साधं रुंद पान. निलमोहराचं फूल नळीसारखं, पानं बारीक पिसांसारखी, आणि झाड दक्षिण अमेरिकेतलं.

फोटो एकाच फुलाचे दहा काढण्यापेक्षा पाच वेगवेगळे काढा : पूर्ण झाड, खोडाची साल, पान वरून, पान खालून आणि फूल किंवा शेंग. मापासाठी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. आणि पाटी दोन झाडांच्या मधोमध असेल, तर आधी पान ताडून बघा. ती शेजारच्या झाडाची असू शकते.