वालाचे बिरडे

वालाचे बिरडे ही कोकणपट्टीतील, विशेषतः रायगड, ठाणे आणि मुंबई भागातील रसदार उसळ होय. वाल भिजवून त्यांना मोड आणतात, एकेक दाणा सोलतात आणि मंद आचेवर शिजवून त्यात नारळाचे दूध घालतात. तयार बिरडे दाटसर, जरासे गोड, जरासे आंबट असते आणि मागे वालाची अस्सल कडसर चव राहते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, म्हणजे सीकेपी, घरांशी या पदार्थाचे नाव सर्वांत घट्ट जोडलेले आहे. पण कोकणातील बहुतेक समाजांत तो कोणत्या ना कोणत्या रूपात होतो. पुण्याकडच्या ब्राह्मणी स्वयंपाकातील डाळिंब्यांची, म्हणजे सोललेल्या वालांची, उसळ हे त्याचेच भावंड.

बिरडे मऊसूत होते ते मुख्यतः सोलण्यामुळे. नारळाचे दूध शेवटी येते आणि तयार झालेल्या मऊपणाला स्निग्धता देते. सालासकट शिजवलेल्या वालात कितीही दूध ओतले तरी ती साधी उसळच राहते, बिरडे होत नाही.

कडधान्य

वाल ही शिंबावंत कुळातील वेल किंवा झुडूपवजा वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस आहे. जुन्या पुस्तकांत ती डॉलिकॉस लॅबलॅब या नावाने आढळते. हिरव्या शेंगांतील ओले दाणे म्हणजे पावटे, याच जातीच्या कोवळ्या चपट्या शेंगा म्हणजे वालपापडी आणि वाळवलेले दाणे म्हणजे वाल. वाळलेल्यांत दोन प्रकार बाजारात दिसतात. कडवे वाल लहान, तांबूस-तपकिरी रंगाचे आणि चवीला उग्र असतात. गोडे वाल आकाराने मोठे, फिकट आणि सौम्य. बिरड्यासाठी कडवेच घ्यावेत, असा जाणत्यांचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे. गोड्या वालांचे बिरडे दिसायला देखणे होते, पण गूळ आणि आमसूल ज्या कडूपणाला सावरण्यासाठी घालायचे तोच त्यात नसतो.

कोकणात भात कापून झाल्यावर त्याच खाचरांत, जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर, वाल पेरतात. हिवाळ्यातले दव या पिकाला पुरते, वेगळे पाणी फारसे द्यावे लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण वाल-१’ आणि ‘कोकण वाल-२’ हे वाण काढले आहेत. शेंगा ओल्या असताना रायगडात पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ आणि ओवा घालून तोंड पाल्याने बंद करायचे, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही लागत नाही. पोपटीनंतर ज्या शेंगा शेतात वाळतात त्या वर्षभराच्या बिरड्याची बेगमी करतात.

कच्च्या वाळलेल्या वालात सायनाइड मोकळे करणारी ग्लायकोसाइडे आणि पचनाला अडथळा आणणारी काही द्रव्ये असतात. म्हणून वाल कच्चे किंवा अर्धेकच्चे खाऊ नयेत. भिजवणे, ते पाणी टाकून देणे, मोड आणणे, सोलणे आणि पूर्ण शिजवणे ही बिरड्याची लांबलचक रीत या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. दाण्यात प्रथिने वजनाच्या जवळपास एक चतुर्थांश असतात. वाल वातूळ ही समजूत सर्वत्र आहे. हिंग, ओवा आणि आले यांची योजना त्यासाठीच.

भिजवणे, मोड आणणे, सोलणे

श्रावणी सोमवारच्या बिरड्याची सुरुवात शनिवारी होते. शनिवारी रात्री वाल भरपूर पाण्यात भिजत घालायचे, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे आणि सोमवारी दुपारी सोलायला बसायचे. पावसाळी उबेत चोवीस ते तीस तासांत मोड येतात. थंडीत जास्त वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून चुलीच्या किंवा ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवतात. मोड अर्ध्या पेराएवढा पुरे. त्याहून वाढू दिला तर दाणा गोडसर आणि पोकळ होतो, सोलताना मोड तुटून हातात येतो. फडके फार ओले राहिले तर वाल बुळबुळीत होतात आणि त्यांना आंबूस वास येतो. असे दाणे कितीही धुतले तरी वास रश्श्यात उतरतोच.

सोलण्याआधी मोड आलेले वाल दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात टाकतात. मोडामुळे दाणा आतून फुगलेला आणि साल सैल झालेली असते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलके दाबले की पांढरट हिरवी डाळिंबी सुळकन बाहेर येते. पाणी कढत असेल तर दाणा बाहेरून शिजू लागतो आणि दोन दळे सुटी होतात. गार असेल तर नखे दुखतात. चार माणसांना पुरेल एवढे, म्हणजे वाटीभर कोरडे वाल सोलायला एकट्या माणसाला बराच वेळ लागतो. म्हणूनच हे काम घरात परातीभोवती चार हात बसवून होत आले आहे आणि लहान मुलांना त्यात हक्काने ओढले जाते. वाटीभर वाल फुगून, सोलून दुप्पट ते अडीचपट होतात.

काही दाणे भिजतच नाहीत. त्यांना गणंग म्हणतात. सोलताना ते हाताला लागतात आणि तेव्हाच वेचून टाकावेत, कारण शिजवूनही ते खड्यासारखे दाताखाली येतात. वाल जितके जुने तितके गणंग जास्त.

सोलल्याने दोन गोष्टी साधतात. सालातला तुरटपणा आणि बराचसा कडूपणा निघून जातो. दुसरे, दाण्याभोवतीचे कवच गेल्यामुळे पाणी आत सहज शिरते, डाळिंबी सारखी शिजते आणि तिच्यातला थोडा स्टार्च रश्श्यात उतरून त्याला दाटपणा आणतो. बिरड्यात पीठ किंवा दाण्याचे कूट लावावे लागत नाही ते यामुळे.

दादर, ठाणे, गिरगाव अशा ठिकाणच्या बाजारांत मोड आणून सोललेले वाल विकत मिळतात. नोकरदार घरांत बिरडे टिकून राहिले त्यात या विकतच्या वालांचा वाटा मोठा आहे. घेताना वास घेऊन पाहावा.

शिजवणे

पातेले जाड बुडाचे आणि पसरट घ्यावे. तेलात हिंग, हळद आणि जिरे यांची फोडणी करून त्यात आले, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचे वाटण परततात. एरवीच्या दिवशी लसूण आणि बारीक चिरलेला कांदाही असतो. वाटणाचा कच्चा वास गेला की सोललेले वाल घालून अलगद हलवायचे, हवे तर चिमूटभर लाल तिखट टाकायचे आणि वालाच्या वर बोटभर येईल एवढे गरम पाणी किंवा नारळाचे पातळ दूध ओतायचे. गार पाणी घातले तर शिजण्याची लय मोडते आणि काही दाणे कडक राहतात.

पातेल्यावर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी ओततात. आत वाफ धरली जाते, ताटलीवरचे पाणी तापते आणि रस्सा आटला तर तेच गरम पाणी आत घालता येते. बिरडे प्रेशर कुकरमध्ये करणाऱ्यांची घाई समजण्यासारखी आहे, पण सोललेला वाल इतका नाजूक असतो की एका शिट्टीत त्याची आमटी होते. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांत डाळिंबी शिजते. ती अख्खी दिसली पाहिजे आणि दोन बोटांत धरताच लोण्यासारखी दबली पाहिजे. डाव घालून ढवळण्यापेक्षा पातेले दोन्ही कानांनी धरून हिसडणे बरे. शेवटी पळीभर दाणे कडेला चेपून रश्श्यात मिसळले तर दाटपणा हमखास येतो.

आमसूल आणि गूळ वाल शिजल्यावरच घालायचे. आंबट द्रव्यात दाण्याच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळत नाही, त्यामुळे आमसूल आधी पडले तर वाल तासभर उकळूनही टणक राहतात. जड पाण्याचाही परिणाम असाच होतो. बोअरवेलच्या पाण्यात कडधान्य शिजत नाही ही तक्रार त्यातून येते. त्यावर खाण्याचा सोडा टाकण्याची युक्ती सांगितली जाते. सोड्याने वाल मऊ होतात खरे, पण त्यांचा लगदा होतो आणि साबणासारखी चव मागे राहते. त्यापेक्षा पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे.

नारळाचे दाट दूध अगदी शेवटी. अर्ध्या नारळाचा चव (खवलेले खोबरे) थोड्या कोमट पाण्यात वाटून पिळला की पहिले दाट दूध निघते. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ दूध काढतात. दाट दूध घातल्यावर कडेने बुडबुडे दिसू लागताच आच बंद करायची. खळखळून उकळले तर दूध फुटते, तेल वर तरंगते आणि रस्सा चोथापाणी होतो. आमसुलाचा आंबटपणा आधीच रश्श्यात असल्याने हा धोका वाढतो, म्हणून आमसुले चार-पाचच, आणि उकळी बसल्यावर वेचून काढलेली बरी. मीठ दूध घालण्यापूर्वी चाखून घ्यावे. वरून कोथिंबीर.

घराघरांतले फरक

सीकेपी स्वयंपाक मासे आणि मटणासाठी नावाजलेला आहे. सामिष जेवण वर्ज्य असलेल्या श्रावणात त्या घरांतील पानाचा मान बिरड्याकडे येतो. श्रावणी सोमवारी दिवसभराचा उपास संध्याकाळी सोडताना पानात बिरडे, भात, अळूवडी आणि एखादे गोड असते, आणि त्या दिवशीच्या बिरड्यात कांदा-लसूण नसतो. कांदा-लसूण घातलेले बिरडे जास्त झणझणीत लागते, पण वालाची स्वतःची चव पाहायची असेल तर सोमवारचेच खावे.

नारळ कसा घालावा यावर मतभेद आहेत. काही घरांत दूध न काढता ओले खोबरे बारीक वाटून लावतात. त्याने रस्सा जाडसर, रवाळ होतो. पुण्याकडच्या डाळिंबी उसळीत रस बेताचा असतो, फोडणीत मोहरी आणि कढीपत्ता, मग गोडा मसाला, गूळ, आमसूल आणि वरून खवलेले खोबरे. सोललेले वाल आणि तोच मसाला घालून डाळिंबी भातही करतात. याच रीतीने मुगाचे बिरडे होते. मूग सोलण्यात कष्ट कमी नाहीत, पण मूग लवकर शिजतात आणि कडूपणाचा प्रश्न नसतो. गोव्यातील सारस्वतांच्या मुगागाठीत मोड आलेले, सोललेले मूग नारळाच्या वाटणात शिजवतात.

दाणा चिमटीत दाबून सालाबाहेर काढण्याची रीत कोकणापुरती नाही. कर्नाटकात हिवाळ्यात ताजे अवरे, म्हणजे हेच पावटे, भिजवून असेच सोलतात आणि त्यांचे सार करतात. बेंगळुरूत या मोसमात अवरेबेळे मेळा भरतो. तिथे मोड आणत नाहीत, कारण दाणा ओलाच असतो. गुजरातेत वाल सालासकट किंवा डाळ करून शिजवतात आणि उंधियोत पापडी घालतात.

परदेशी राहणाऱ्यांना भारतीय दुकानांत सोललेले वाल गोठवलेल्या पाकिटात मिळतात. घरी मोड आणायचे तर थंड हवामानात ओव्हन न पेटवता फक्त त्याचा दिवा लावून पुरचुंडी आत ठेवतात. वाल न मिळाल्यास डबल बी घेणारेही आहेत. ती वेगळ्या जातीची शेंग आहे. मऊपणा मिळतो, कडसर चव मिळत नाही. डब्यातले नारळाचे दूध चालते, मात्र ते दाट असल्याने थोडे पाणी घालून सैल करून घ्यावे.

बिरडे दुसऱ्या दिवशी घट्ट होते. गरम पाण्याने सैल करून मंद आचेवर तापवावे, उकळी येऊ देऊ नये. साठवायचेच असेल तर सोललेले कच्चे वाल कोरडे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. नारळाचे दूध घातलेले बिरडे गोठवले तर वितळताना पाणी आणि स्निग्धांश वेगळे होतात.